पोटॅशच्या पोत्यात सेकंदाला ८० हजार वेळा काय घडतं? अणूतून इलेक्ट्रॉन उडवणाऱ्या ‘ऑगर परिणामा’ची गोष्ट

उसाला घातलेलं पोटॅश, श्वासातला आर्गॉन, सह्याद्रीचा काळा कातळ आणि कर्करोगावरचे नवे उपचार. या चारही ठिकाणी अणूच्या आत एकच घटना घडते. ती नेमकी काय आहे आणि तिला घाबरायचं कारण आहे का?

मुळा-मुठा आणि भीमा या नद्यांच्या मधला पट्टा म्हणजे राहू बेट. दौंड तालुक्यातलं राहू आणि नदीपलीकडचा शिरूर तालुका हा सगळा उसाचा आणि गुऱ्हाळांचा मुलूख. लागणीचा हंगाम आला की इथे घरोघरी खताची पोती येऊन पडतात. युरिया, सुपर फॉस्फेट आणि पोटॅश.

यातलं पोटॅशचं पोतं एका बाबतीत बाकीच्या दोघांपेक्षा वेगळं आहे. त्यातल्या पोटॅशियमचा अगदी छोटा हिस्सा नैसर्गिकरीत्या किरणोत्सारी असतो. कोणी त्यात काही मिसळलेलं नसतं. पृथ्वी तयार झाली तेव्हापासून तो पोटॅशियममध्ये आहे. ५० किलोच्या एका पोत्यात दर सेकंदाला साधारण ८० हजार अणू असे असतात, जे आपल्याच आतल्या कवचातला एक इलेक्ट्रॉन गिळतात. आत जागा रिकामी होते. ती भरताना अणू दुसरा एक इलेक्ट्रॉन बाहेर भिरकावतो. यालाच भौतिकशास्त्रात ‘ऑगर परिणाम’ म्हणतात.

‘खतात किरणोत्सर्ग’ हे शब्द वाचून दचकायला होतं. पण हीच घटना समजून घेतली तर पोटॅशची भीती का नको, हे कळतं. आणि कर्करोगाच्या पेशीवर अगदी जवळून घाव घालण्यासाठी डॉक्टर आणि शास्त्रज्ञ याच इलेक्ट्रॉनकडे का बघत आहेत, हेही लक्षात येतं.

आतल्या कवचात जागा रिकामी होते म्हणजे काय?

अणूच्या मध्यभागी केंद्रक असतं आणि त्याभोवती इलेक्ट्रॉन कवचांमध्ये असतात. सर्वात आतल्या कवचाला ‘के’, त्याच्या बाहेरच्याला ‘एल’ आणि पुढच्याला ‘एम’ म्हणतात. शाळेत रसायनशास्त्रात आपण शिकतो ते बहुतेक सगळं बाहेरच्या कवचाबद्दल असतं. रासायनिक बंध तिथेच तयार होतात. आतल्या इलेक्ट्रॉनना त्यात भाग नसतो.

पण आतले इलेक्ट्रॉन फार घट्ट बांधलेले असतात. जुन्या बारवेसारखी कल्पना करा. वरच्या पायरीवरचा माणूस सहज बाहेर येतो, तळाशी असलेल्याला मात्र बरंच चढावं लागतं. आर्गॉन या वायूचं उदाहरण घ्या. त्याच्या बाहेरच्या कवचातला इलेक्ट्रॉन काढायला साधारण १६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा पुरते. एल कवचातला काढायला सुमारे २५० लागते. के कवचातला काढायचा तर ३,२०६. इलेक्ट्रॉन व्होल्ट हे अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणात साधारण दोन ते तीन इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा असते, म्हणजे के कवचाशी तुलना केली तर काहीच नाही.

आता काही कारणाने या के कवचातला एक इलेक्ट्रॉन नाहीसा झाला, तर अणू प्रचंड अस्थिर होतो. तळाची जागा मोकळी आणि वर इलेक्ट्रॉन भरलेले. वरचा एक इलेक्ट्रॉन लगेच खाली येतो. ‘लगेच’ म्हणजे किती? आर्गॉनमध्ये एका फेम्टोसेकंदाच्या आसपास. एका सेकंदाचे हजार लाख कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे फेम्टोसेकंद.

उरलेली ऊर्जा जाते कुठे?

वरचा इलेक्ट्रॉन खाली आला की ऊर्जा मोकळी होते. तिचा हिशेब कुठेतरी लागलाच पाहिजे. अणूपुढे दोन वाटा असतात.

पहिली वाट: ती ऊर्जा एक्स-रेच्या रूपात बाहेर पडते.

दुसरी वाट: ती ऊर्जा थेट दुसऱ्या एका इलेक्ट्रॉनला मिळते आणि तो अणूतून बाहेर फेकला जातो. हाच ऑगर इलेक्ट्रॉन.

विहिरीच्या रहाटावर दोराच्या दोन टोकांना दोन घागरी असाव्यात, एक खाली गेली की दुसरी वर यावी, तसं हे आहे. फक्त इथे दोर नसतो. दोन्ही इलेक्ट्रॉन ऋणभारित असल्याने एकमेकांना ढकलत असतात आणि त्या परस्पर क्रियेतूनच ऊर्जेची देवाणघेवाण होते. अनेकांचा एक गैरसमज असतो की आधी एक्स-रे तयार होतो आणि मग तो जाता जाता दुसऱ्या इलेक्ट्रॉनला धडकतो. तसं नसतं. दुसऱ्या वाटेत एक्स-रे तयारच होत नाही. म्हणून या घटनेला ‘किरणाविना संक्रमण’ असंही म्हणता येतं.

हिशेब सोपा आहे. आर्गॉनचा के कवचातला इलेक्ट्रॉन गेला. एल कवचातला एक खाली आला. त्यातून मोकळी झालेली ऊर्जा ३,२०६ वजा २५०, म्हणजे २,९५६. बाहेर पडणारा दुसरा इलेक्ट्रॉनही एल कवचातला असेल, तर त्याला सुटण्यासाठी आणखी २५० मोजावे लागतात. उरले साधारण २,७००. प्रत्यक्षात मोजमाप केल्यावर सुमारे २,६६० इलेक्ट्रॉन व्होल्ट मिळतात. कारण एक इलेक्ट्रॉन आधीच गेल्यामुळे अणू धनभारित झालेला असतो आणि दुसऱ्याला अधिक घट्ट धरून ठेवतो.

या हिशेबात बाहेरून कोणती ऊर्जा आली, हे कुठेच नाही. जागा कशामुळे रिकामी झाली याने फरक पडत नाही. उडालेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा फक्त अणूच्या स्वतःच्या कवचांवर ठरते. त्यामुळे प्रत्येक मूलद्रव्याच्या ऑगर इलेक्ट्रॉनची ऊर्जा ठरलेली असते, बोटाच्या ठशासारखी.

आणि गोष्ट एवढ्यावर संपत नाही. आता एल कवचात दोन जागा रिकाम्या आहेत. त्या भरायला एम कवचातले इलेक्ट्रॉन उतरतात, पुन्हा काही उडतात. अशी साखळी चालू राहते आणि शेवटी अणू अनेक इलेक्ट्रॉन गमावून बसतो.

एक्स-रे निघणार की इलेक्ट्रॉन, हे कोण ठरवतं?

हे मुख्यतः अणू किती जड आहे यावर ठरतं. के कवचात जागा रिकामी झाली तर काय होतं ते पाहा.

• कार्बन, ऑक्सिजन: ९९ टक्क्यांहून अधिक वेळा ऑगर इलेक्ट्रॉन.
• आर्गॉन: सुमारे ८८ टक्के वेळा ऑगर इलेक्ट्रॉन.
• लोखंड: साधारण दोन तृतीयांश वेळा ऑगर इलेक्ट्रॉन.
• जस्त आणि जर्मेनियम यांच्या आसपास: जवळपास निम्मे-निम्मे.
• आयोडीन: ८५ टक्क्यांहून अधिक वेळा एक्स-रे.
• शिसं: सुमारे ९६ टक्के वेळा एक्स-रे.

म्हणजे हलक्या अणूंचा कल इलेक्ट्रॉन फेकण्याकडे आणि जड अणूंचा एक्स-रे सोडण्याकडे. आपलं शरीर मुख्यतः कार्बन, ऑक्सिजन, हायड्रोजन आणि नायट्रोजनचं बनलेलं आहे. हायड्रोजनकडे एकच इलेक्ट्रॉन, त्यामुळे तो या खेळात नाही. बाकीच्यांमध्ये जवळपास प्रत्येक वेळी ऑगरच.

मात्र ही यादी के कवचापुरती आहे. एल कवचात जागा रिकामी झाली तर जड अणूंमध्येही ऑगरचं पारडं जड राहतं. सराफाकडे सोन्याची शुद्धता तपासणारं एक्सआरएफ यंत्र अनेकांनी पाहिलं असेल. दागिना यंत्रात ठेवला की मिनिटभरात कॅरेट दिसतं. ते यंत्र दागिन्यावर एक्स-रे सोडून सोन्याच्या एल कवचात जागा रिकामी करतं आणि परत येणारे एक्स-रे मोजतं. पण निम्म्याहून अधिक वेळा सोन्याचा अणू एक्स-रे न सोडता इलेक्ट्रॉनच फेकतो. ते इलेक्ट्रॉन धातूतच अडकतात. यंत्राला दिसतो तो उरलेला हिस्सा.

नाव ऑगरचं, पण आधी कोण?

पिएर ऑगर हे फ्रेंच शास्त्रज्ञ. स्पेलिंगवरून आपल्याकडे ‘ऑगर’ असा उच्चार रूढ झाला. मूळ फ्रेंच उच्चार मराठीतल्या ‘ओझे’ या शब्दाच्या जवळ जातो.

१९२३ मध्ये पॅरिसमध्ये ऑगर बाष्पकोठीत एक्स-रे सोडून प्रयोग करत होते. बाष्पकोठी म्हणजे अशी पेटी, जिच्यात इलेक्ट्रॉन गेला की त्याच्या वाटेवर बारीक थेंबांची रेघ उमटते. त्यांना एकाच बिंदूतून निघालेल्या दोन रेघा दिसू लागल्या. एक्स-रेची ऊर्जा वाढवली की एक रेघ लांब व्हायची. दुसरी मात्र तेवढीच राहायची. पहिली रेघ एक्स-रेने थेट बाहेर काढलेल्या इलेक्ट्रॉनची होती. दुसरी बाहेरच्या ऊर्जेकडे दुर्लक्ष करत होती, म्हणजे ती अणूच्या स्वतःच्या हिशेबातून आली होती.

पण हीच घटना एक वर्ष आधी, १९२२ मध्ये बर्लिनमध्ये लिझे माइट्नर यांनी बीटा किरणांचा अभ्यास करताना नोंदवली होती. माइट्नर यांच्या वाट्याला असा अन्याय पुन्हा आला. नाझी राजवटीमुळे १९३८ मध्ये त्यांना जर्मनी सोडावी लागली. अणुकेंद्रकाचं विखंडन काय आहे याचं स्पष्टीकरण त्यांनी भाचे ऑटो फ्रिश यांच्यासोबत १९३९ मध्ये दिलं. त्यासाठीचं १९४४ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मात्र एकट्या ऑटो हान यांना मिळालं. पुढे १०९ क्रमांकाच्या मूलद्रव्याला ‘माइट्नेरियम’ हे नाव देण्यात आलं. अलीकडे अनेक शास्त्रज्ञ या घटनेला ‘ऑगर-माइट्नर परिणाम’ म्हणू लागले आहेत.

ऑगर यांचा एक धागा मुंबईपर्यंतही येतो. होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ मध्ये वैश्विक किरणांमुळे वातावरणात कणांचा वर्षाव कसा होतो याचा सिद्धान्त मांडला. त्यानंतर १९३८ मध्ये ऑगर यांनी फार मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी पडणारे असे वर्षाव प्रयोगात दाखवले. भाभांनी १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली आणि वैश्विक किरण हा तिथल्या संशोधनाचा सुरुवातीपासूनचा विषय राहिला.

पोटॅशमध्ये हे सगळं आलं कुठून?

आतली जागा रिकामी करण्याचे बरेच मार्ग आहेत. बाहेरून एक्स-रे मारता येतो, वेगवान इलेक्ट्रॉन आदळवता येतो. तिसरा मार्ग निसर्गाचा. काही अणूंचं केंद्रक स्वतःच आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन ओढून घेतं. याला इलेक्ट्रॉन ग्रहण म्हणतात.

पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंमागे साधारण एक अणू ‘पोटॅशियम-४०’ या प्रकारचा असतो. त्याचं अर्धायुष्य जवळपास १२५ कोटी वर्षं आहे. त्यातले सुमारे ८९ टक्के अणू बीटा कण सोडून कॅल्शियम होतात. उरलेले जवळपास ११ टक्के आतला इलेक्ट्रॉन गिळून आर्गॉन होतात. आर्गॉन जन्माला येतो तोच आतल्या रिकाम्या जागेसह.

आता पोत्याचा हिशेब करूया. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश असतं. पालाशाचा हा आकडा ऑक्साइडच्या रूपात मोजतात. त्यातलं शुद्ध पोटॅशियम साधारण ८३ टक्के. म्हणजे ५० किलोच्या पोत्यात जवळपास २५ किलो पोटॅशियम. एक ग्रॅम पोटॅशियममध्ये दर सेकंदाला ३१ अणू फुटतात. पोत्याचे झाले पावणेआठ लाखांच्या आसपास. त्यातले ११ टक्क्यांहून किंचित कमी इलेक्ट्रॉन ग्रहणाचे, म्हणजे सुमारे ८० हजार.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार आडसाली उसाला हेक्टरी १७० किलो पालाश द्यायचं असतं. अर्धं लागणीच्या वेळी आणि अर्धं मोठ्या बांधणीला. म्हणजे हेक्टरी सहा पोत्यांच्या आतबाहेर. यातलं बरंचसं पोटॅशियम ऊस उचलतो. ते रसात येतं, तिथून गुळात आणि कारखान्याच्या मळीतही जातं.

मग घाबरायचं का?

नाही. त्यामागची कारणं अशी.

पहिलं, पोटॅशियम-४० मुळे निघणारे ऑगर इलेक्ट्रॉन फार दुबळे असतात. ते पोत्यातल्या दाण्यामध्येच एका मायक्रॉनहूनही कमी अंतरात थांबतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. हे इलेक्ट्रॉन पोत्याबाहेर येणं तर सोडाच, बहुतेक ज्या खड्यात जन्मले त्याच्याही बाहेर येत नाहीत.

दुसरं, पोत्यातून बाहेर येतात ते मुख्यतः गॅमा किरण. संवेदनशील यंत्र पोत्याजवळ धरलं तर ते नेहमीपेक्षा थोडं जास्त टकटकेल. पण खत टाकण्यापुरता होणारा संपर्क हा आपल्याला माती, खडक आणि आकाशातून रोज मिळणाऱ्या किरणोत्सर्गापुढे नगण्य आहे.

तिसरं आणि सर्वात महत्त्वाचं, पोटॅशियम आपल्या प्रत्येकाच्या शरीरात आहेच. ते नसेल तर हृदय आणि स्नायू चालणार नाहीत. ७० किलो वजनाच्या माणसात साधारण १४० ग्रॅम पोटॅशियम असतं. त्यात दर सेकंदाला चार हजारांहून अधिक अणू फुटतात आणि त्यातले साडेचारशेच्या आसपास इलेक्ट्रॉन ग्रहणाने. म्हणजे हा मजकूर वाचत असताना तुमच्या शरीरातही ऑगर इलेक्ट्रॉन उडत आहेत. शरीर पोटॅशियमचं प्रमाण स्वतः राखतं, जास्तीचं मूत्रपिंडांतून बाहेर टाकतं. त्यामुळे गूळ किंवा केळी जास्त खाल्ल्याने हा आकडा वाढत जात नाही. शरीरातल्या पोटॅशियममुळे वर्षाला मिळणारी मात्रा ०.१७ मिलिसिव्हर्टच्या आसपास असते. सगळ्या नैसर्गिक स्रोतांची जागतिक सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट आहे.

खत हाताळताना हातमोजे आणि नाकाला रुमाल हवाच, पण तो धुळीसाठी आणि क्षारासाठी. किरणोत्सर्गासाठी नव्हे.

श्वासातला आर्गॉन आणि दख्खनचा कातळ

हवेत नायट्रोजन आणि ऑक्सिजननंतर सर्वात जास्त असलेला वायू कोणता? कार्बन डायऑक्साइड नव्हे, आर्गॉन. कोरड्या हवेत त्याचं प्रमाण ०.९३ टक्के आहे. त्यातला ९९ टक्क्यांहून अधिक आर्गॉन-४० या प्रकारचा आहे आणि तो जवळपास सगळा पृथ्वीच्या पोटातल्या पोटॅशियम-४० पासून तयार झालाय. राहू बेटातल्या शेतावर वाहणाऱ्या हवेतल्या बहुतेक प्रत्येक आर्गॉन अणूने जन्माच्या क्षणी आतला इलेक्ट्रॉन गमावला होता.

भूगर्भशास्त्रज्ञ याचाच घड्याळासारखा वापर करतात. लाव्हा वितळलेला असताना त्यातला आर्गॉन बराचसा निसटून जातो. लाव्हा थिजला की नव्याने तयार होणारा आर्गॉन खडकात अडकू लागतो. पोटॅशियम किती आणि आर्गॉन किती हे मोजलं की खडकाचं वय निघतं. पुणे जिल्ह्यातली काळी माती ज्या दख्खनच्या कातळापासून बनली, त्याचं वय सुमारे ६.६ कोटी वर्षं आहे हे ठरवण्यात या घड्याळाचा मोठा वाटा आहे. मुंबईच्या आयआयटीत आर्गॉनवरून खडकांचं वय काढणारी राष्ट्रीय सुविधा आहे.

कर्करोगाच्या उपचारात याचा काय उपयोग?

ऑगर इलेक्ट्रॉनचा दुबळेपणा इथे त्याची ताकद ठरतो.

थायरॉइडच्या कर्करोगात दिलं जाणारं आयोडीन-१३१ बीटा कण सोडतं. ते पेशीसमूहात साधारण मिलिमीटरच्या मापाने जातात, म्हणजे वाटेतल्या अनेक पेशींना इजा करतात. मोठ्या गाठीसाठी हे चांगलं. पण रक्तात किंवा मज्जेत एकेकट्या फिरणाऱ्या कर्करोगाच्या पेशीसाठी हा पल्ला फार मोठा पडतो. ऑगर इलेक्ट्रॉन बहुतेक वेळा काही नॅनोमीटर ते एखादा मायक्रॉन एवढंच जातात. डीएनएच्या साखळीची जाडी दोन नॅनोमीटर असते. म्हणजे ऑगर सोडणारा अणू डीएनएला चिकटलेला असेल, तर सगळा घाव त्याच जागी पडतो आणि साखळीचे दोन्ही धागे तुटू शकतात. शेजारची पेशी बहुतांशी वाचते.

आयोडीन-१२५ हे याचं गाजलेलं उदाहरण. त्याचं अर्धायुष्य ५९ दिवसांचं. त्याचं केंद्रक आधी आतला इलेक्ट्रॉन गिळतं आणि त्यानंतर बहुतेक वेळा आणखी एक आतला इलेक्ट्रॉन बाहेर काढतं. म्हणजे एकाच अणूत दोनदा जागा रिकामी होते आणि दोनदा साखळी सुरू होते. एका फुटण्यातून सरासरी वीस किंवा अधिक इलेक्ट्रॉन उडतात. हाच अणू पेशीबाहेर असेल तर तुलनेने निरुपद्रवी, आणि डीएनएत शिरला तर अत्यंत घातक. किरणोत्सर्गाची मात्रा फक्त ‘किती’ यावर नव्हे, तर ‘कुठे’ यावरही ठरते, हा धडा शास्त्रज्ञांना इथूनच मिळाला.

भाभा अणुसंशोधन केंद्राने याच आयोडीन-१२५ ची छोटी बीजं विकसित केली आहेत. तांदळाच्या दाण्याएवढी ही टायटॅनियमची कुपी डोळ्यातल्या आणि प्रोस्टेटच्या गाठींसाठी वापरली जाते. चेन्नईच्या शंकर नेत्रालयात डोळ्याच्या कर्करोगासाठी ही बीजं वापरली गेली आहेत. काही रुग्णांच्या बाबतीत डोळा काढून टाकण्याला हा पर्याय ठरतो. पण इथे एक बारकावा आहे. या उपचारात काम करतात ते कुपीबाहेर येणारे कमी ऊर्जेचे एक्स-रे आणि गॅमा किरण. ऑगर इलेक्ट्रॉन टायटॅनियमच्या आतच अडकतात. एकाच अणूचे हे दोन वेगळे चेहरे आहेत.

मग ऑगर उपचार रुग्णालयात का दिसत नाहीत?

कारण पल्ला लहान असण्याची किंमत मोठी आहे. औषध प्रत्येक कर्करोगाच्या पेशीपर्यंत पोहोचलं पाहिजे. पेशीच्या आत शिरलं पाहिजे. शक्यतो केंद्रकापर्यंत गेलं पाहिजे. एखादी पेशी सुटली तर बीटा कण शेजारून तिला गाठू शकतो, ऑगर इलेक्ट्रॉन गाठू शकत नाही. इंडियम-१११ वापरून झालेल्या सुरुवातीच्या प्रयत्नांचे परिणाम मर्यादितच राहिले.

सध्या जास्त चर्चा आहे ती टर्बियम-१६१ ची. ते बीटा कणही सोडतं आणि सोबत कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉनही, म्हणजे गाठ आणि सुटी पेशी दोन्हींवर काम होण्याची आशा. मेलबर्नच्या पीटर मॅकॅलम कॅन्सर सेंटरमध्ये पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगावर याची मानवी चाचणी झाली आहे. पण चाचणी म्हणजे उपचार नव्हे. मोठ्या संख्येच्या रुग्णांवर तुलना होऊन निष्कर्ष येईपर्यंत त्याला सिद्ध उपचार म्हणता येणार नाही. समाजमाध्यमांवर ‘कर्करोगावर अणूचा रामबाण’ अशा मथळ्याचा संदेश आला, तर हे लक्षात ठेवलेलं बरं.

स्कॅनसाठी गेलेल्या रुग्णाने काय लक्षात ठेवावं?

हाडांचा, हृदयाचा किंवा थायरॉइडचा अणुस्कॅन करताना बहुतेक वेळा टेक्नेशियम-९९एम वापरतात. त्याच्या प्रत्येक फुटण्यातूनही सरासरी चारेक ऑगर इलेक्ट्रॉन निघतात. कॅमेऱ्याला दिसतात ते त्याचे गॅमा किरण. मात्रा ठरवताना या इलेक्ट्रॉनची ऊर्जाही हिशेबात धरलेली असते. टेक्नेशियमचं अर्धायुष्य सहा तासांचं आहे. एका दिवसात त्यातला सोळावा भाग उरतो आणि काही भाग लघवीवाटे त्याआधीच बाहेर जातो. म्हणूनच स्कॅननंतर भरपूर पाणी प्यायला सांगतात.

गरोदर असल्यास किंवा तशी शक्यता असल्यास, तसंच बाळाला अंगावर पाजत असल्यास हे स्कॅनच्या आधीच डॉक्टरांना सांगायला हवं. भीतीपोटी गरजेचा स्कॅन टाळणं मात्र महागात पडू शकतं. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून सुरू आहे. तेव्हापासून अणूवर आधारित तपासण्या आणि उपचार महाराष्ट्रातल्या रुग्णांसाठी नवे राहिलेले नाहीत.

हे सगळं मोजता आलं का?

हो, आणि तेही अगदी अलीकडे. आतली जागा किती वेळ रिकामी राहते हे पूर्वी अप्रत्यक्षपणे काढावं लागायचं. २००२ मध्ये फेरेन्क क्राउस यांच्या गटाने अतिसूक्ष्म काळाचे प्रकाशस्पंद वापरून क्रिप्टॉनच्या एम कवचातली जागा सुमारे आठ फेम्टोसेकंदांत भरते हे थेट मोजून दाखवलं. अशा स्पंदांच्या कामासाठी २०२३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल क्राउस, पिएर अगोस्तिनी आणि अ‍ॅन लुइलिए यांना मिळालं.

पोटॅशियमचा अणू मात्र कोणत्याही प्रयोगशाळेची वाट पाहत नाही. पोत्यात असो, उसाच्या कांड्यात असो की आपल्या स्नायूंत, त्याचं काम आपल्या गतीने चालू असतं. पुढच्या वेळी कोणी ‘खतात किरणोत्सर्ग असतो म्हणे’ असं विचारलं, तर उत्तर सरळ आहे. असतो, पृथ्वी जन्मली तेव्हापासून आहे, आणि तेवढ्याने पोटॅशचा हप्ता चुकवण्याचं कारण नाही.